कोनाच्या फोनवर?

मॅडमनी माझ्या हातातला फोन ओढून घेतला तेव्हा मला नोकरीला लागून अर्धा दिवसही झाला नव्हता. मी आईला सांगत होते की पोचले, जागा बरी आहे, खिडकीजवळ बसवलंय. मॅडमनी आईचा कॉल तोडला, कंपनीनं नुकतंच केलेलं वेबसाइटचं कुठलंसं पान माझ्या फोनवर उघडलं, नाकाजवळ धरून पाहिलं आणि "मेलं हे" म्हणत फोन माझ्या मांडीवर टाकला. मेलं ते पान की माझा फोन, हे विचारायची सोय नव्हती. तिकडे बार्शीटाकळीला आईनं मात्र पोरीचं काहीतरी बरंवाईट झालं म्हणून अर्धी गल्ली गोळा केली होती.

अशा माणसांबद्दल लिहायला बसलं की लोक हळवे होतात. मी होणार नाही. मॅडम अकोल्यात धडधाकट आहेत, आजही कुणाचाही फोन हिसकावतात आणि मला आजही त्यांचा राग येतो. त्यांचा थोडा, आणि बाकीच्यांचा फार. तो बाकीच्यांचा राग कुठेतरी मांडावा म्हणूनच हे लिहिते आहे.

कंपनी अमरावतीत, एका बँकेच्या डोक्यावर. आम्ही वेबसाइटी करायचो. मॅडम आमच्यात सगळ्यात वरिष्ठ. पन्नाशीच्या आसपासच्या, लग्न न केलेल्या, पुण्याच्या मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढून अकोल्याला परतलेल्या. रोज अकोल्याहून एसटीनं यायच्या. भावांची फुलशेती होती, त्यामुळे त्यांच्या पर्समधून कधी झेंडूच्या पाकळ्या निघायच्या, कधी शेवंतीचा दांडा. फिरत्या खुर्चीत त्या बसायच्या नाहीत. "डोकं आधीच फिरेल हाये, वरतून खुर्ची कायले फिरवा लागते?" असं म्हणून त्यांनी घरून लाकडी स्टूल आणलं होतं. त्यावर बसून त्या दिवसभर कुणावर तरी ओरडायच्या. माणूस सापडला नाही तर पंख्यावर.

त्यांचा प्रश्न एकच. तुम्ही काहीही सांगा, "मॅडम, पान झालं," "मॅडम, बटन बसलं," की त्या मान वर न करता विचारणार, "कोनाच्या फोनवर?" सुरुवातीला मी अभिमानानं म्हणाले, माझ्या. तर म्हणाल्या, "तू काय आपलं पान तुह्यासाठी बनवून राहिली काय?" मग ऑफिसमध्ये या प्रश्नाची चेष्टा सुरू झाली. कुणी म्हणालं, काल पिक्चर मस्त होता, की चारी बाजूंनी आवाज येणार, कोनाच्या फोनवर! मॅडमना ते ऐकू यायचं. त्यांना त्यात चेष्टेचं काही आहे असंच वाटायचं नाही.

आणि त्यांचा तो डबा. दारावर भांडेवाली येते, जुने कपडे घेते आणि स्टीलचं भांडं देते, हे आपल्याला माहीत आहे. मॅडम स्टीलची भांडी घेऊन फिरायच्या आणि त्या बदल्यात जुने फोन घ्यायच्या. लग्नात, बारशात, एसटीत. काच फुटलेला, बॅटरी फुगलेला, दोरी बांधून ठेवलेला, कसलाही चालायचा. पातेलं द्यायच्या आणि फोन डब्यात टाकायच्या. ऑफिसातल्या पोरांनी त्यांचं नाव भांडेवाली ठेवलं होतं. प्रत्येक फोनला मॅडमनी त्याच्या आधीच्या मालकाचं नाव दिलेलं असायचं. मोठ्या क्लायंटशी मीटिंग चालू असताना त्या मधेच म्हणायच्या, "मामीवर बटन दिसून नाही राहिलं. कंडक्टर ठीक हाये. पन मामी पहा लागन." पलीकडून पुण्याचा माणूस "हू इज मामी?" विचारायचा, आणि आमचे मालक टायची गाठ चाचपत "शी मीन्स डिव्हाइस" म्हणत घाम पुसायचे.

मालकांना मॅडमची लाज वाटायची. त्यांच्या वऱ्हाडीची, त्यांच्या डब्याची, त्यांच्या स्टुलाची. पण काम त्यांच्याशिवाय निघत नव्हतं. मालक स्वतः अमरावतीचेच, तरी बोलताना एकदम पुण्यात जाऊन बसायचे. त्यांच्या खिशात बाजारातला सगळ्यात महाग फोन, आणि कुठलंही पान त्यावर सुंदरच दिसायचं.

आता फॉर्मबद्दल सांगते, कारण सगळा कालवा त्यावरूनच झाला. आम्ही कॉलेजांना प्रवेशाचा फॉर्म करून द्यायचो. कॉलेजची वेबसाइट दुसऱ्या कुणी केलेली असायची आणि आमचा फॉर्म तिच्यात एका चौकटीत बसायचा. तिला आयफ्रेम म्हणतात. भिंतीला खिडकी पाडावी आणि तिच्यातून शेजारच्याचं घर दिसावं, तसा प्रकार. भिंत कॉलेजची, घर आमचं. खिडकी केवढी ठेवायची ते भिंतवाला ठरवतो, आणि तिच्यातून काय दिसेल ते पाहणाऱ्याच्या फोनमधलं ब्राउझर ठरवतं. एखादं ब्राउझर खिडकी आपणहून लांबवतं. एखादं कडेला वरखाली सरकवायची पट्टी देतं. आणि एखादं काहीच देत नाही. बोटानं वर ढकललं तर अख्खी भिंत सरकते आणि खिडकीतलं जागचं हलत नाही.

अमरावतीच्या एका नर्सिंग कॉलेजनं आमचा फॉर्म लावला. त्यांच्या वेबसाइटवाल्यानं आधी कॉलेजला कसं यायचं त्याचा नकाशा लावलेला होता. त्यानं नकाशाचीच ओळ उचलली आणि तिच्यात नुसता आमच्या फॉर्मचा पत्ता टाकला. उंची नकाशाची होती तीच राहिली. आमच्याकडे हे असंच चालतं. चालू असलेल्या गोष्टीची नक्कल मारायची, आणि दिसलं की चहाला जायचं.

फॉर्ममध्ये प्रवर्ग निवडायची यादी होती. मॅडमचं म्हणणं, फोनची स्वतःची साधी यादी वापरा, ती पूर्ण पडद्यावर उघडते, चौकटीत अडकत नाही. मालक म्हणाले, ती गावठी दिसते. त्यांनी विकत आणलेल्या डिझाइनमध्ये गोल कोपऱ्यांची, मागे सावली पडलेली यादी होती. ती आतच उघडायची आणि चौकट संपली की संपायची. यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेली होती. आधी ईडब्ल्यूएस, मग एनटीचे प्रकार, मग ओबीसी, मग ओपन. आणि बरोबर ओपनपाशी नकाशाची उंची संपत होती. एसबीसी, एससी, एसटी, व्हीजे खाली गेले. दिसायला यादी ओपनवर छान संपलेली. 'पुढे' जायचं बटन वरच्या पट्टीत होतं, म्हणजे फॉर्म काही अडत नव्हता. उलट ओपन निवडलं की जातीचा दाखला मागितलाच जात नसे, काम आणखी लवकर उरकायचं.

कुणी ठरवून केलं नव्हतं. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता कुणी म्हटलं तर माझं डोकं सटकतं. क्रम अक्षरांनी लावला, उंची नकाशानं ठरवली, कापणी ब्राउझरनं केली. माणसाचा कुठे हातच लागला नाही. तरी कापले गेलो ते आम्हीच. आम्ही म्हणजे मी, माझी आई, आमची गल्ली. मी स्वतः त्याच खालच्या ओळीतून इंजिनिअर झाले.

मॅडमना ते मामीवर दिसलं. प्रवेशाचे दिवस सुरू झाले होते आणि मुदत संपायला आठवडाही नव्हता. त्या मामीला हातात उचलून मालकांच्या केबिनमध्ये शिरल्या आणि मागोमाग मला हाक मारली, "ये वं, तू पन पाह्य." मालकांनी मामीकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्या खिशातला फोन काढला, कॉलेजचं पान उघडलं, यादी उघडली. त्यांच्या ब्राउझरनं चौकट नम्रपणे लांबवली. एससी दिसलं, एसटी दिसलं, सगळं दिसलं.

"दिसतंय की," मालक म्हणाले.

"तुमाले दिसते. फॉर्म तुमी भरून राहिले काय?"

"मॅडम, एवढे फॉर्म आलेत. एक तक्रार आहे का? एक तरी? असले भंगार फोन आता कुणी वापरत नाही."

"दर्यापूरच्या जीपमधी बसून पाहा एकदा. मंग समजते कोन काय वापरते त."

मालक हसले. आणि मग जे बोलले ते मी विसरणार नाही. "तुम्हाला कशाचा त्रास होतोय? तुमचं ओबीसी तर वर दिसतंय ना?"

मला वाटलं मॅडम आता मामी त्यांच्या डोक्यात घालणार. पण त्यांचा आवाज उलट खाली आला. "माह्यं दिसून राहिलं, म्हनूनच मले पाहा लागते. ज्याचं दिसतच नाही, त्याले कसं समजन का खाली काही दडेल हाये म्हनून?"

मालकांनी सांगितलं की प्रवेश चालू असताना फॉर्मला कुणी हात लावायचा नाही. मॅडमनी कॉलेजच्या वेबसाइटवाल्याला फोन केला, तो लग्नाला गेला होता. कॉलेजला फोन केला, त्यांनी कंपनीशी बोला म्हणून सांगितलं. मॅडम त्या आठवड्यात एसटीत बसल्या बसल्या प्रवाशांचे फोन मागून त्यावर यादी उघडत होत्या आणि परक्या बायाबापड्यांवर खेकसत होत्या, "पाहा! पाहा तुमच्या पोरीले काय दिसन ते!" एकदा कुणीतरी त्यांना चोर समजून बडनेऱ्याजवळ बस थांबवायला लावली. मुदत संपली. गुणवत्ता यादी लागली.

यादी लागल्यावर एक मुलगी ऑफिसात आली. दर्यापूरकडच्या गावाहून, आईबरोबर. आई अंगणवाडीत. कंपनीचं नाव फॉर्मच्या अगदी वर, रंगीत अक्षरांत होतं. ते मात्र प्रत्येक फोनवर व्यवस्थित दिसायचं. त्यावरून ती शोधत आली. गुण चांगले होते. तिच्यापेक्षा कमी गुणांच्या मैत्रिणीचा नंबर एससीतून लागला होता, तिनं फॉर्म सायबर कॅफेत भरला होता. हिनं घरी भरला, आणि ओपनच्या यादीत हिचा नंबर लागला नाही.

"मैत्रीण म्हने, त्यात एससी होतं. मी म्हनलं, नव्हतं. आमचं भांडन झालं," ती म्हणाली.

मॅडमनी तिच्या हातातून फोन ओढला, प्रवर्गाची यादी ओपनपर्यंत पाहिली आणि फोन तिच्या हातात परत ठेवला. टाकला नाही, ठेवला. "चाल," म्हणाल्या. मालक मागून विचारत होते कुठे चाललात म्हणून. आम्ही चौघी रिक्षानं कॉलेजला गेलो.

प्राचार्यांनी बसा म्हटलं, पाणी दिलं. त्यांनीही आपला फोन काढून यादी पाहिली. त्यांचा फोन मालकांच्या जातीचाच, सगळं दिसलं. "हे पहा बाळ," ते मुलीला म्हणाले, "ओपन तू स्वतः निवडलंयस. तरी दुरुस्तीची सोय आहे. पोर्टलवर तक्रार नोंदवायची. मुदत अजून आहे. आमच्याकडे अद्याप एकही तक्रार आलेली नाही, म्हणजे फॉर्म ठीकच असणार."

"कुठी नोंदवा लागते, सर?"

"फॉर्मच्या तळाशी बटन आहे."

मुलीनं आपल्या फोनवर पान उघडलं. बोटानं वर ढकललं. कॉलेजचं फाटक वर गेलं, संस्थापकांचा फोटो वर गेला, बोधवाक्य गेलं, पत्ता आला, पान संपलं. फॉर्म होता तिथेच. तिनं फोन टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला. "तुमी दाखवा, सर."

प्राचार्यांनी बोट फिरवलं. पुन्हा फाटक, पुन्हा संस्थापक. त्यांनी रुमालानं बोट पुसलं आणि पुन्हा फिरवलं. चौकटीच्या मधोमध दाबून पाहिलं, कडेला धरून पाहिलं. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. इतके फोन चाळले, पण तक्रारीचं बटन कुठे आहे हे बघायचं त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यांना तक्रार करायला बटन कधी लागलंच नव्हतं.

शेवटी प्राचार्यांनी घंटी वाजवली, क्लार्कला बोलावलं आणि म्हणाले, "हिच्याकडून कागदावर अर्ज घ्या, दाखला जोडा. हिचं करून टाका."

मुलीच्या आईनं हात जोडले. तिथेच उठायचं होतं. मॅडम उठल्या नाहीत.

"हिचं नाही. सगळ्याइचं."

"ज्यांची तक्रार आली त्यांचं केलं. बाकी कुणाची तक्रारच नाही, तर मी काय करू?"

"आत्ता पाह्यलं ना तुमी? तुमाले तरी सापडलं काय ते बटन? ओपन भरलेल्या समद्याइले फोन करा. एकेकीले इचारा."

"मॅडम, असं केलं तर सगळी प्रक्रिया संशयात येते."

मग मॅडम ज्या ओरडल्या, त्याला तोड नाही. वऱ्हाडीत जेवढे शब्द आहेत तेवढे त्यांनी त्या टेबलावर ओतले. वर्गातल्या मुली व्हरांड्यात आल्या. शिपायानं आम्हाला अदबीनं फाटकापर्यंत पोचवलं. दर्यापूरच्या मुलीचं काम झालं होतं; ती घाबरून मॅडमना गप्प करू पाहत होती, माझं बिघडेल म्हणून. मला तिचा राग आला नाही. मॅडमचा आला. वाटलं, या बाईला कधी थांबावं ते कळत नाही. आता वाटतं, थांबायचं सगळ्यांना कळतं म्हणूनच सगळं असं आहे.

ऑफिसात परतलो तोवर कॉलेजचा फोन मालकांना येऊन गेला होता. मालकांनी त्याच दुपारी नकाशाची उंची बदलून घेतली. एका ओळीतला एक आकडा. चहा निवायच्या आत झालं. मॅडम म्हणाल्या, आता ज्यांनी ओपन भरलं त्यांना एक मेसेज पाठवू, यादी पुन्हा बघा म्हणून. मालक म्हणाले, डेटा कॉलेजचा आहे, आणि मेसेज पाठवला तर आपण चूक कबूल केल्यासारखं होईल. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या स्टुलावर कुरिअरची खोकी रचलेली होती आणि वॉचमनला सांगितलेलं होतं की त्यांना वर सोडायचं नाही.

डबा वरच राहिला. मालक म्हणाले, टेस्टिंगचं सामान कंपनीचं. स्वतःची भांडी देऊन जमवलेलं सामान! मॅडम बँकेसमोर रस्त्यात उभ्या राहिल्या आणि वर पाहून एकेकाचं नाव घेत ओरडायला लागल्या, "माही मामी दे! कंडक्टर दे! बुढी दे माही!" बँकेत आलेले लोक पाहायला बाहेर आले. त्यांना वाटलं, वर माणसं कोंडलीत. मालकांनी घाईघाईनं डबा खाली पाठवला. मीच तो घेऊन गेले, दुसऱ्या हातात त्यांचं स्टूल. मॅडमनी झाकण उघडून सगळे आहेत ना ते पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तू राह्य. तुले घर चालवा लागते." मी राहिले. पुढे दुसरीकडे लागल्यावर सोडलं. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

आता मॅडम अकोल्यात भावाच्या फुलांच्या दुकानामागे खोली करून बसतात आणि लोकांच्या वेबसाइटी तपासून देतात. तोंड तेच, स्टूल तेच. त्यात एका खोडीची भर पडली आहे. कुठेही त्या वयाची मुलगी दिसली, दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये, की हटकून विचारणार, नर्सिंगचा फॉर्म भरला होता काय त्या साली? पोरी घाबरतात. भाऊ वैतागतो. मीही वैतागले होते.

परवा मी अकोल्याला गेले होते. बसस्टँडसमोर मोबाइलच्या दुकानात मॅडमना चार्जर घ्यायचा होता, मामीसाठी. काउंटरवर एक मुलगी होती, हसरी, हातानं चपळ. मॅडमनी विचारलंच. मी मान दुसरीकडे फिरवली.

"भरला होता ना," मुलगी म्हणाली. "नाही लागला नंबर. ओपनमधून भरला होता मी."

"काहून ओपनमधून?"

"मंग कशातून भरू? आमचं नव्हतंच त्यात." दुकानात एखादी वस्तू संपली असावी, इतक्या सहज ती म्हणाली. चार्जर लावून पाहिला, दिवा लागला, तो पिशवीत घालू लागली.

मॅडमनी काउंटरला धरलं. मी वाट बघत होते की आता त्या ओरडतील. रस्त्यावर ऐकू जाईल असं ओरडतील, आणि मीही ओरडेन. पण समोर ना मालक होते, ना प्राचार्य. ती मुलगी होती, आणि तिला राग आलेलाच नव्हता.

"कोनाच्या फोनवर?" मॅडमनी विचारलं. इतक्या हळू मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"माह्याच." तिनं गल्ल्याजवळचा फोन उचलून दाखवला. मग आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचं हसू थांबलं.

"काहून जी मॅडम? होतं काय आमचं?"